येताना दार लावून घे

वर्धा
रविवार, सकाळ

प्रिय रूबीताई,

तुझी पत्रिका मिळाली. कागद छान आहे, अक्षर छान आहे, वरच्या कोपऱ्यातलं दिव्याचं चित्रही छान आहे. ‘इतर धर्मांतून ज्यू समाजात आलेल्या भगिनींचे व मिश्र कुटुंबांचे स्नेहस्वागत’ असं वर लिहिलंय आणि खाली वक्त्यांमध्ये माझं नाव आहे: सौ. रूथ एझ्रा झिराडकर, वर्धा. विषय, ‘माझा प्रवास’. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस की प्रत्येकीला एक गुलाब, सब्जाचं रोप आणि छातीवर लावायला ‘सुस्वागतम्’ लिहिलेला बिल्ला मिळणार आहे. मी पत्रिका वाचली, परत वाचली आणि एझ्राच्या हातात दिली. तो म्हणाला, “छान आहे की.” तुझ्या भावाला सगळंच छान वाटतं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावरचा एक डाग घासत राहिले. तो डाग निघत नाही हे मला ठाऊक आहे, पण काहीतरी घासायला हवं होतं.

ताई, मी वैतागले आहे. चिडले आहे असं म्हणत नाही, कारण चिडायला समोर कोणी दुष्ट माणूस लागतो आणि तू दुष्ट नाहीस. तुमच्या महिला मंडळात जेवढं काम तू करतेस तेवढं कोणी करत नाही. इतर धर्मांतून आलेल्या बायकांना सणाला कोणी जेवायला बोलावत नाही, हे पहिल्यांदा मोठ्यानं बोललीस ती तूच. हे सगळं मला मान्य आहे, आणि म्हणूनच आणखी वैताग येतो. आमची आकांक्षा आता दहावीला आहे आणि मी तिच्या जन्माआधीपासून तुमच्यात आहे. इतक्या वर्षांनी कोणी कोणाचं स्वागत करतं का? नव्या सुनेला पहिल्या दिवशी माप ओलांडायला लावतात, ते ठीक. पण दर वर्षी तिला उंबऱ्याबाहेर नेऊन पुन्हा माप ओलांडायला लावलं, तर एक दिवस ती ते माप उचलून माळ्यावर टाकून देईल.

ठाण्याला सणाला आले की सिनेगॉगच्या पायरीवरच सुरू होतं. “आलीस? वा, वा, किती लांबून येतेस!” मग आत बायकांच्या बाजूला बसले की कोणीतरी पुस्तकात पान काढून देतं. पान मला सापडलेलं असतं. नंतर जेवताना हमखास कोणीतरी म्हणतं, “आमच्यापेक्षा तूच जास्त पाळतेस हो!” हे कौतुक असतं, मला कळतं. पण त्या वाक्यात एका बाजूला ‘आम्ही’ असतो आणि दुसऱ्या बाजूला मी. शास्त्रात लिहिलंय की जो दुसरीकडून आला त्याला त्याच्या आधीच्या दिवसांची आठवण करून देऊ नये. हे मी पाठ केलंय, कारण धर्म घेतानाच्या परीक्षेत मला ते विचारलं होतं. तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तुमच्या लक्षात नाही. आणि आता तू मला मंचावर उभी करून, माइक हातात देऊन, तीच आठवण सगळ्यांसमोर काढायला सांगतेस. शिवाय ते नाव! आपल्याकडे धर्म घेतलेल्या बाईला रूथशिवाय दुसरं नावच मिळत नाही, कारण शास्त्रातली रूथही परधर्मातून आलेली सून. तुमच्या मंडळात मी धरून तीन रूथ आहेत. डोंबिवलीची रूथ, भायखळ्याची रूथ आणि वर्ध्याची रूथ. नावावरूनच कळतं की ही बाहेरून आलेली. शिक्का मारायची वेगळी गरजच नाही.

हे लिहिलं आणि थांबले. हे न्यायाचं आहे का? रोजनिशी लिहायच्या सवयीचा हा तोटा, प्रत्येक वाक्य लिहून झालं की त्याची उलटतपासणी सुरू होते. खरं सांगायचं तर रूथ हे नाव घेताना मला आनंद झाला होता. आणि ज्या दिवशी ते मिळालं त्या दिवशी माझ्याबरोबर पाण्यात तू होतीस.

आठवतं ना? नवगावचा किनारा, पहाट नुकती उजळलेली. तीन रब्बी लांब वाळूत पाठ करून उभे, आणि मी ढगळ गाऊन घालून समुद्राच्या तोंडाशी. वडनेरची पोरगी मी. आमच्याकडे पाणी म्हणजे वेणा नदी, तीही उन्हाळ्यात गुडघ्याएवढी. समुद्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला, आणि पाहिल्या पाहिल्या त्यात तीनदा पूर्ण बुडी मारायची होती, डोक्याचा एक केसही वर राहता कामा नये. पहिलीच लाट अंगावर आली आणि सगळं शिकलेलं हिब्रू विसरून मी ओरडले, “माय वं, मले पोहता येत नाई!” रब्बींनी दचकून वळायचं का नाही याचा विचार केला असणार. तू हसलीस. मग कंबरेएवढ्या पाण्यात आलीस, माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, “घाबरू नकोस, मी धरलंय. बुडी मारताना सोडेन, वर आलीस की परत धरेन.” तसंच केलंस. त्या दिवसापासून मी तुला ‘तुम्ही’ म्हणणं सोडलं. तुझ्या लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे.

त्या वेळी माझ्या घरी काय चाललं होतं, ते तुला पूर्ण कधी सांगितलं नाही. बाबांना माझं लग्न मान्य होतं. एझ्रा त्यांना आवडायचा. रेल्वेच्या सिग्नलबद्दल दोघं तास तास बोलायचे. पण हा धर्म घेणं त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. माझे आजोबा छप्पन साली वडनेरहून नागपूरला गेले होते, अंगावर पांढरे कपडे, खिशात भाकरी. बाबा मला म्हणाले, “त्यायले कोणी थांबवलं नाई, कोणी परीक्षा घेतली नाई. लाखो मान्सं एका दिवसात आत आली. अन् तू वर्सानुवर्सं रांगेत उभी राह्यली, तेही त्यायच्या दारात? जन्मावरून माणूस मोजायचं आपण सोडलं होतं नं, रक्षा?”  याचं उत्तर माझ्याकडे आजही अर्धंच आहे. मी म्हटलं, “बाबा, मी रांगेत नाही, मी शिकते आहे.” ते म्हणाले, “शिकून झालं का दार उघडतेत का?” मी म्हटलं, उघडतात. हा शब्द मी त्यांना दिला होता, ताई. तुमच्या सगळ्यांच्या वतीनं दिला होता.

आणि दार उघडलंही, पण ते तू उघडलं नाहीस. रागावू नकोस, पुढे वाच. तुझ्या आईंनी उघडलं. वर्ध्याला आम्ही क्वार्टरमध्ये पहिला मलिदा केला तो दिवस आठव. आई ठाण्याहून गोड पोह्यांचं सगळं सामान घेऊन आल्या होत्या, नारळ, वेलची, सुका मेवा, फळं, गुलाबाच्या पाकळ्यासुद्धा डब्यात घालून. माझ्या माहेरच्यांनाही बोलावलं होतं. मी मामाला फोनवर सांगितलं की एलियाहू हन्नाबीच्या नावानं पोहे करतात, ये. एवढंच सांगितलं. कवडूमामा हिंगणघाटला पोह्याची गाडी लावायचा. त्यानं ऐकलं ‘पोहे’, आणि त्याच्या जिवाला लागलं की भाचीच्या नव्या देवाचे पोहे नुसते कसे जातील? संध्याकाळी तो दारात उभा राहिला तो भलंमोठं पातेलं घेऊन. पातेल्यात तर्री! लालबुंद, वर तेलाचा तवंग, खाली चणे. “रक्षे, पोहे अन् तर्री नाई? लोकं काय म्हनतीन तुह्या सासरचे?”

तू तेव्हा दाराशी होतीस. तुझा चेहरा मी विसरलेले नाही. मधोमध रचलेलं ते सुंदर ताट, त्यावर गुलाबाच्या पाकळ्या, आणि दारात तर्रीचा वास. पण तू सभ्य आहेस. तू म्हणालीस, “या, या, मामा, स्वागत आहे तुमचं,” आणि बाजूला झालीस. मामा आत आला नाही. तिथंच उभा राहिला, हसत, पातेलं एका हातातून दुसऱ्या हातात घेत. स्वागत म्हटल्यावर माणूस आधी आपल्या चपलांकडे बघतो, ताई. तेवढ्यात आतून आईंचा आवाज आला. त्यांनी बघितलंही नव्हतं कोण आहे ते. “कोण ते? येताना दार लावून घ्या हो, मांजर येतं!” आणि मामानं पायानं दार लोटलं, सरळ आत आला, पातेलं ओट्यावर ठेवलं आणि आईंना म्हणाला, “बहीनजी, मोठा चमचा कुठं हाय?” झालं. मामा घरचा झाला. आशीर्वाद म्हणून झाल्यावर सगळ्यांनी गोड पोहे खाल्ले, मग आईंनी वेगळ्या वाटीत चमचाभर तर्री घेतली, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि परत घेतली. बाबा हात न जोडता भिंतीला टेकून बसले होते, आई त्यांना म्हणाल्या, “गुरुजी, हात जोडू नका, पण पुढे तरी करा,” आणि ओंजळीत मलिदा घातला. तू तर्री घेतली नाहीस, ‘त्या भांड्यात आधी काय काय शिजलं असेल’ म्हणून. मीही घेतली नाही. पण तुझं आणि माझं न घेणं एक नव्हतं. तू सहज नाही म्हणालीस. मी मात्र मनातल्या मनात नियम तपासले, कारण मी नवी होते आणि नव्या माणसाला सूट नसते. माझ्या सख्ख्या मामाची तर्री होती ती. त्याच्या गाडीवर बसून मी लहानपणी वाट्याच्या वाट्या प्यायले आहे.

आई गेल्या तेव्हापासून मला ‘दार लावून घे’ असं म्हणणारं तुमच्यात कोणी उरलं नाही. सगळे स्वागत करतात.

आता त्या नावाकडे येते. तू ज्या नावावर फोन ठेवतेस, ते नाव. मागच्या वर्षी मी ते घेतलं आणि फोन बंद झाला. मग पाडव्याच्या सुमारास घेतलं आणि फोन बंद झाला. म्हणून हे पत्र. कागद बंद करता येत नाही. फाडता येतो, पण तू पुस्तकं, कागद फाडणारी नाहीस, एवढं मला माहीत आहे.

तुझी सिगल आमच्याकडे राहून शिकायला आली ती तुझ्याच इच्छेनं. “मामा-मामीच्या घरी शब्बाथ तरी पाळला जाईल, होस्टेलवर काय!” असं तूच म्हणाली होतीस. पाळला गेला. दर शुक्रवारी तिनं आणि आकांक्षानं दिवे लावले. फिजिओथेरपीच्या कॉलेजात तिला निकेश भेटला. निकेश मडावी, कारंज्याचा, घाडग्यांच्या कारंज्याचा. गोंड आहेत ते लोक, घरात अजून आपसात गोंडी बोलतात. वडील नाहीत, आई सखूबाई शेती बघते. मुलगा तीनदा आमच्या घरी जेवून गेला तोवर मला काही कळलं नाही, आणि कळलं तेव्हा मी तुला त्याच दिवशी फोन केला. तू म्हणालीस, “तुझ्या घरात राहूनच हे झालं. तुझ्यासारखीला त्याचं काय वाटणार!” ते ‘तुझ्यासारखी’ मी नीट ऐकलं.  मी रोजनिशीत ते लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर राहिलं असतं. आज लिहिते आहे, पण फक्त तुला कळावं म्हणून की ज्या बायकांसाठी तू गुलाब आणते आहेस, त्यांच्यातली मी एक आहे. ‘तुझ्यासारखी’ म्हणजे त्याच.

दोघांनी कोर्टात लग्न केलं. तू गेली नाहीस, समजू शकते. पण तू भिंतीवरून तिचा फोटो उतरवलास. कोणी विचारलं तर ‘ती बाहेर असते’ म्हणतेस, जणू पोरगी परदेशी गेली आहे. आणि त्याच वर्षी तुम्ही मंडळात मिश्र कुटुंबांच्या स्वागताची समिती काढलीत आणि तू तिची प्रमुख झालीस! ताई, मी याला ढोंग म्हणत नाही. खूप विचार केला यावर. मला वाटतं, जे स्वतःच्या दारात जमलं नाही ते तू सगळ्या गावाच्या दारात करून बघते आहेस. परक्याच्या सुनेला गुलाब देणं सोपं असतं. ती उद्या आपापल्या घरी जाते. हे कदाचित चुकीचं असेल. असेल तर कळव.

यंदाची दारफाळणी कशी आली बघ. आपला पापांची क्षमा मागायचा दारफाळणीचा सण, दसरा आणि गांधी जयंती, तिन्ही एकाच दिवशी. वर्ध्यात तर दुपारपर्यंत भोंगेच भोंगे. बाबा दर वर्षीसारखे नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. एझ्रा ठाण्याला तुमच्यात आला होता. इथं मी आणि आकांक्षा दोघीच, पांढरे कपडे, उपास, आणि आईंनी शिकवलं तसं सकाळपासून दार लावलेलं. त्या दिवशी बाहेरच्याला घरात घ्यायचं नाही, बाहेरच्याच्या घरी जायचं नाही, वाहनात बसायचं नाही. शेजारच्या अन्नपूर्णाकाकू सोनं द्यायला आल्या, तर आकांक्षानं खिडकीतूनच आपट्याची पानं घेतली आणि सांगितलं, “काकू, आज आमचं बंद आहे, उद्या या.” काकू म्हणाल्या, “दसऱ्याले कोणी बंद असते का वं, बँकवानी?”

दुपार कलताना पुन्हा दार वाजलं. मी उठले नाही. परत वाजलं. मग आवाज आला, “मामी, मी आहे. उघड ना, पाय दुखताहेत.”

तुला खोटं सांगणार नाही. मी दाराशी गेले आणि कडीला हात लावून थांबले. नियम डोक्यात फिरले. आज कोणाला आत घ्यायचं नाही. पण ती बाहेरची आहे का? तिच्याबरोबर जो उभा आहे तो? आणि ही गाडीत बसून आली, दारफाळणीच्या दिवशी, गाडीत! मी, जिचा जन्म तुमच्यात झाला नाही, ती तुझ्या पोटच्या पोरीला आत घ्यायचं का नाही ते ठरवत होते. तो क्षण मला इतका लाजिरवाणा वाटला की मी दार जरा जोरातच उघडलं.

सिगल होती, पांढऱ्या ओढणीत, चेहरा उपासानं उतरलेला. मागे निकेश, हातात तिची पिशवी. निकेश बिचारा उंबऱ्याबाहेरच थांबला, कारण त्याला सांगितलेलं असणार की आज परक्यानं आत जायचं नाही. तिनं आल्या आल्या सगळं सांगितलं. कारंज्याला तिनं सकाळी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. पण दसऱ्याचा दिवस, गावच्या गाव सोनं घेऊन घरात येतंय, जो येईल तो दार वाजवून विचारतो, “सून कुठं हाय, सूनबाईले सोनं द्याचं हाय.” हिनं चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं. शेवटी सखूबाईनं बघितलं, दोघांना बोलावलं आणि म्हणाली, “पोरी, तुह्या देवाचं दार आज बंद राहते म्हनतेस, अन् माह्या घरचं दार आज बंद करता येत नाई. दोनी देवायले कायले भांडवतेस? निकेश, हिले मामीच्या घरी ने. तिथं दार लागते.” एवढ्यासाठी ती बाई दसऱ्याच्या दिवशी घरातली सून आणि मुलगा दोघांना वाटेला लावून बसली. नियम पाळता यावा म्हणून नियम मोडून आली तुझी मुलगी. तुमच्या समितीत हा प्रश्न आला असता तर तीन बैठका झाल्या असत्या.

ती आत आली, कमरेवर हात ठेवून सावकाश खुर्चीत बसली. दार उघडंच होतं, निकेश बाहेर, मी मध्ये. मी बोलायला तोंड उघडलं. मला वाटतं, मी “ये, निकेश, स्वागत आहे” असंच काहीतरी म्हणणार होते, तुमच्यात राहून हीच सवय लागली आहे. पण त्याआधी सिगल म्हणाली, मागे न बघता, डोळे मिटूनच: “निकेश, येताना दार लावून घे ना. दारफाळणी आहे.”

अगदी आईंचा आवाज, ताई. तो आत आला आणि त्यानं दार लावलं. कडी घातली. संध्याकाळी तारे दिसेपर्यंत आम्ही चौघं त्या दाराच्या आत होतो. तो कोपऱ्यात बसला होता, काही समजत नव्हतं तरी बसला होता, सिगल प्रार्थना म्हणत होती तेव्हा तिच्या पायाखाली उशी सरकवत होता. आणि माझ्या मनातली सगळी उलटतपासणी थांबली. दारफाळणीला जो लावलेल्या दाराच्या आत असतो, तो बाहेरचा कसा? हे मला कोणी शिकवलं नव्हतं. परीक्षेतही नव्हतं.

त्यानंतर ती परत गेली नाही. सखूबाईच म्हणाली, “पयलं हाय, ते मायच्या घरीच होते. माय नसन येत तं मामी माय.” आता तुझ्या लक्षात आलं असेल. आल्यावर कदाचित हे पत्र तू खाली ठेवशील. थोडं थांबून पुन्हा उचल.

परवा, शुक्रवारी सकाळी, सिगलला मुलगा झाला. इथंच, वर्ध्यात. दोघंही ठीक आहेत. रंग बापाचा आहे, कपाळ आणि आठ्या तुझ्या आहेत, जन्मल्यापासून कशावर तरी नाराज दिसतो. त्याला समुद्रात बुडी मारावी लागणार नाही, परीक्षा नाही, रूथसारखं ठरलेलं नाव नाही, बिल्ला नाही. आई आपली, म्हणून तो आपला, तुम्हा सगळ्यांच्या नियमानं, पहिल्या श्वासापासून. येत्या शुक्रवारी सकाळी त्याची सुंता आहे. एझ्रा आज रात्रीच्या गाडीनं ठाण्याला येतो आहे, हे पत्र तोच तुझ्या हातात देईल आणि सुंता करणाऱ्या मोहेलना घेऊन गुरुवारी परत निघेल. तीन तिकिटं काढली आहेत. सुंतेच्या वेळी बाळ जिच्यावर ठेवतात त्या एलियाहूच्या खुर्चीसाठी आईंची ती वेताची खुर्ची मी धुऊन उन्हात ठेवली आहे. काळ्या मनुका भिजत घालीन, शरबत इथंच होईल. मागच्यासारखी बॅगेत वाइनची बाटली लपवून आणू नकोस, दारूबंदीचा जिल्हा आहे हा. बाबा येणार आहेत. कवडूमामा येणार आहे आणि तर्री आणणार आहे, त्याला अडवणं माझ्या हातात नाही, पण या वेळी पातेलं मी नवं घेऊन दिलं आहे. बाळाला खोलीतून खुर्चीपर्यंत आणायला एक बाई लागते. मी सखूबाईला विचारलं. ती म्हणाली, “मी आनीन नं बाप्पा, नातू हाय माह्या. पन त्याच्या मायची माय जिती हाय तं मी पुढं काऊन होऊ? तिले बलाव.” म्हणून बोलावते आहे. सिगलनं मला हे लिहायला सांगितलेलं नाही. ती फक्त गाडीची वेळ विचारत असते, कशासाठी ते सांगत नाही. तू शुक्रवारी आलीस तर रविवारी तुमच्या त्या समारंभाला मी तुझ्याबरोबर ठाण्याला येईन, मंचावर बसेन, गुलाब घेईन, बिल्लासुद्धा लावीन, आणि ‘माझा प्रवास’ या विषयावर तू सांगशील तेवढा वेळ बोलेन. स्टेशनवर तुला घ्यायला निकेश येईल. घरी पोचलीस की दारात थांबू नकोस. आम्ही कोणी ‘स्वागत’ म्हणायला येणार नाही, सगळ्यांचे हात कामात असतील. दार नुसतं लोटलेलं असेल. आत ये, आणि येताना लावून घे. मांजर अजून येतं.

तुझीच, पाण्यात जिचं मनगट धरलं होतंस ती,
रक्षा